मागून 'सांभाळा' म्हणू नका

आमच्या थोरल्या वहिनींना बसलेला माणूस बघवत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. सगळी नोकरी मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून झाल्यामुळे, समोर कुणी स्वस्थ बसलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप गळ्यातली शिट्टी चाचपू लागतो. शिट्टी निवृत्तीच्या दिवशीच शाळेत जमा केली, पण हाताला ते अजून कुणी सांगितलेलं नाही. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा आम्ही सगळे भाऊ पेपर घेऊन लोळत होतो. त्या दिवसापासून आमच्या घरात पेपर उभ्याने वाचतात.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, कुंड्यांना पाणी घालतात, सुनांच्या चुका काढतात. वहिनींनी म्हाताऱ्या माणसांचा तोल का जातो आणि तो कसा राखावा याचं रीतसर शिक्षण घेतलं. त्यात सरावासाठी एक पडणारा माणूस लागायचा. तो त्यांनी घरातच शोधला. त्या काळात आमचे दादा दिवाणखान्यात सतरंजीवर आडवे असत आणि वहिनी त्यांना नाना तऱ्हांनी उठवत. कुणी पाहुणे आले तर दादा पडल्या पडल्याच हात जोडत आणि म्हणत, "या, बसा. मी आत्ताच पडलोय, उठायला थोडा वेळ आहे." दादांना हे काम मनापासून आवडलं. उभ्या घरात आडवं व्हायची परवानगी असलेला तो एकटाच माणूस.

परीक्षा पास होऊन वहिनी वृद्धाश्रमांमधून हिंडू लागल्या. एखाद्या आश्रमात आजी-आजोबा फार पडायला लागले की तिथली मंडळी त्यांना बोलावतात. वहिनी काही दिवस जातात, नुसतं बघतात, आणि मग तिथल्या माणसांना काय करायचं ते शिकवतात. कुठल्याशा आश्रमातल्या एका आजींनी त्यांचं नाव 'पडझडबाई' ठेवलं. आता ते नाव पुढच्या आश्रमात त्यांच्या आधीच जाऊन बसलेलं असतं.

तर एका दुमजली आश्रमातून असंच बोलावणं आलं. चांगला आश्रम. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही भिंतींना धरायला लाकडी दांडे, टोकाला मोठी खिडकी, फिनेलचा वास आणि त्यावर मात करू पाहणारा चहाचा वास. माणसं मायेची. तरी आजी-आजोबा पटापट पडत होते. तिथल्या मेट्रनबाई म्हणजे वरपासून खालपर्यंत इस्त्री केलेल्या बाई. त्यांनी वहिनींना खोलीत घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "कारण आम्हाला ठाऊक आहे. पण बोलायला बरं वाटत नाही."

"बोला की."

"आमचा एक अटेंडंट आहे. त्याच्या ड्यूटीतच पडतात. मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पण तो पांढऱ्या पायाचा आहे."

हा अटेंडंट म्हणजे भोंगा. नाव काही वेगळंच असणार, पण आवाज ऐकल्यावर कुणी ते विचारायच्या फंदात पडलं नाही. कपाटाएवढी छाती, आणि कपाटात कोंडलेला आवाज दार उघडल्याबरोबर अंगावर यावा तसा आवाज. स्वभावाने लोणी. आजींच्या केसांचा गुंता सोडवावा तर त्यानेच, आजोबांची कवळी शोधावी तर त्यानेच. आणि नेमक्या ह्याच्या ड्यूटीत माणसं धडाधड पडत. बिचाऱ्याचा स्वतःचाही आपल्या पायांवरचा विश्वास उडाला होता. आधी तो उजवा पाय पुढे टाकून आश्रमात शिरायचा. त्याने फरक पडेना, तेव्हा डावा टाकून बघितला. शेवटी दोन्ही पाय जोडून उंबऱ्यावरून उडी मारू लागला, आणि ती उडी बघायला वळून एक आजी पडल्या.

"मी सोडतो बाई ही नोकरी," त्याने वहिनींना पहिल्याच दिवशी सांगितलं. "एका गोदामावर वॉचमनची जागा आहे. पोती तरी आधीच पडलेली असतात."

"घाई करू नकोस," वहिनी म्हणाल्या. "मला आधी बघू दे."

आणि त्या कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभ्या राहून बघू लागल्या.

बघण्यासारखा माणूस म्हणजे शोरूम आजोबा. यांचा सगळा जन्म एका बुटांच्या दुकानात विक्रेता म्हणून गेला होता. सकाळी सकाळी केस चापून बसवलेले, पॅंटची घडी कागद कापेल अशी, आणि बूट इतके चकचकीत, की समोरच्या माणसाने त्यात बघून भांग पाडावा. म्हणून शोरूम. ते कुणाच्याही तोंडाकडे बघण्याआधी पायांकडे बघत, आणि माणसाचं नाव विसरले तरी त्याचा नंबर विसरत नसत. "त्या आठ नंबरच्या बाई आज जेवायला आल्या नाहीत" अशी चौकशी करत.

या शोरूमच्या खोलीत एक नवीकोरी खुर्ची होती. चाकांची, कमरेला पट्टा असलेली, समोर लहान मुलांच्या खुर्चीला असते तशी आडवी फळी. तिच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. शोरूम तिच्यावर इस्त्रीचे शर्ट टांगत आणि शक्यतो तिच्याकडे पाठ करून बसत. ही खुर्ची त्यांच्या लेकीने आणली होती. लेक विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांचं काम बघायची. तिला जगात दोनच प्रकार दिसत: झालेले अपघात आणि व्हायचे राहिलेले अपघात. मागच्या वेळी बाबा पडले तेव्हा बापलेकीचा करार झाला होता. यापुढे एकदा जरी पडलात, तर खुर्ची आणि पट्टा. मग चालणं बंद.

"बाई," शोरूम वहिनींना म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांच्या पायाशी बसलो. त्याचं मला काही वाटलं नाही. पण पट्टा लावून बसलो नाही कधी."

"लेकीला सांगा की तसं."

"काय सांगू? जीव आहे तिचा. रात्री फोन वाजला की तिला वाटतं मीच पडलो. एकदा तर राँग नंबरवाल्यालाच विचारलं तिने, डोक्याला लागलंय का म्हणून."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, चहानंतर, शोरूम खोलीतून बाहेर पडले. वहिनी खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या. चाल उत्तम. पाऊल नीट उचललं जातंय, नीट टेकतंय, हात दांड्याजवळ. वहिनींनी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. इतक्यात मागच्या खोलीतून चादरींचा गठ्ठा घेऊन भोंगा निघाला. आजोबा एकटेच चाललेले बघून त्याच्या पोटात माया दाटून आली, आणि ती तशीच तोंडावाटे बाहेर पडली.

"आजोबाऽ, सांभाळून."

आता शोरूम हे दुकानातले. मागून कुणी हाक मारली तर पाठ दाखवायची नाही, वळायचं, आणि हसतमुखाने वळायचं, हे हाडीमांसी मुरलेलं. डोकं वळलं. खांदे वळले. कंबर वळली. पायांना मात्र कुणी कळवलंच नाही. शोरूम जागच्या जागी पीळ खाऊन खाली गेले, आणि जाताना त्यांच्या चेहऱ्यावर 'काय दाखवू साहेब' हे हसू जसंच्या तसं होतं.

मग जे झालं ते वहिनी अजूनही हातवारे करून सांगतात. चोहीकडून माणसं धावली. मेट्रनबाई एका काखेला, स्वयंपाकी दुसऱ्या काखेला, कुणी कमरेला, कुणी उगीचच पॅंटला. धान्याचं पोतं ट्रकवर चढवावं तसे आजोबा वर गेले. कुठे लागलंय का, दुखतंय का, हे विचारायचं सगळ्यांच्या मागाहून लक्षात आलं. नशिबाने कोपर तेवढं खरचटलं होतं. आणि भोंगा भिंतीला टेकून, चादरी डोक्यावर घेऊन ढसाढसा रडत होता. "माझेच पाय," म्हणत होता.

पडल्यावर घरी कळवायचं, हा नियम. मेट्रनबाईंनी लेकीला फोन लावला. पलीकडून फार आरडाओरडा झाला नाही, आणि तेच वाईट होतं. ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या शनिवारी संध्याकाळी येते. बाबांना मी स्वतः खुर्चीत बसवेन."

वहिनींचा हात गळ्याशी गेला. शिट्टी नव्हती. मग त्यांनी टाळी वाजवली आणि सगळ्या स्टाफला जेवणाच्या हॉलमध्ये गोळा केलं.

"मेट्रनबाई, हा पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास घ्या आणि सरळ त्या दारापर्यंत चालत जा."

मेट्रनबाई निघाल्या. अर्ध्या वाटेवर वहिनींनी भोंग्याला खूण केली. भोंगा म्हणाला, "मेट्रनबाईऽ, सांभाळून." मेट्रनबाई गर्रकन वळल्या आणि इस्त्रीच्या साडीवर अर्धा ग्लास सांडला.

"का वळलात?" वहिनींनी विचारलं.

"हाक मारली तर वळायचं नाही? माणूस आहे मी."

"तेच. आजोबाही माणूस आहेत. तुमचे पाय ऐकतात म्हणून नुसतं पाणी सांडलं. त्यांचे ऐकत नाहीत, म्हणून ते स्वतः सांडतात. दिवसभर तुम्ही सगळे मागून काय म्हणता त्यांना?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सावकाश म्हणतो. हळू म्हणतो. सांभाळून म्हणतो. प्रेमानेच म्हणतो की.

"पण बाई," एक अटेंडंट म्हणाली, "आम्ही सगळेच म्हणतो. मग याच्याच ड्यूटीत का पडतात?"

वहिनी काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकी म्हणाला, "कारण तुझं ऐकू येतं कुणाला? निम्म्यांची कानातली यंत्रं उशीखाली असतात. या आश्रमात ऐकू येणारा माणूस एकच. हा."

सगळ्यांनी भोंग्याकडे बघितलं. भोंग्याने आपल्या पायांकडे बघितलं.

"म्हणजे माझे पाय..." तो हळूच म्हणाला. हळूच म्हणजे खिडकीच्या काचा जरा थरथरल्या.

"पाय झकास आहेत," वहिनी म्हणाल्या. "आता तोंडाचं बघू."

एवढ्या एका कारणाने सगळे पडत होते असं नाही, हे वहिनीच सांगतात. बाथरूमचा दिवा मिणमिणता होता, तो बदलला. कुणाच्या गोळ्यांनी घेरी यायची, त्या डॉक्टरांना पुन्हा बघायला लावल्या. आणि चपलांची तपासणी शोरूमवर सोपवली. खुर्चीची टांगती तलवार असताना माणूस एवढ्या उत्साहाने काम करील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनी खोलीखोलीत जाऊन सपाता जप्त केल्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सगळे त्यांना हेडबाई म्हणत. त्यांच्या झिजलेल्या सपाता दोन बोटांत धरून शोरूम म्हणाले, "बाई, हे पायात घालायचं नाही. याच्यावरून मुलं घसरगुंडी खेळतात."

"तुम्ही माझ्याशी नीट बोला," हेडबाई म्हणाल्या.

"पाच नंबर, पाऊल रुंद. नीटच बोलतोय. मागून पट्टा असलेली चप्पल आणा."

मागून न बोलण्याचं मात्र महाकठीण होतं. जिभेवर रुळलेला शब्द गिळायचा कसा? वहिनींनी लिमलेटच्या गोळ्यांची पिशवी आणली. ज्याला राहवत नाही त्याने गालात गोळी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळा स्टाफ गाल फुगवून हिंडत होता. आश्रमात गालगुंडाची साथ आली की काय असं डॉक्टरांना वाटलं. भोंगा दोन्ही गालांत एकेक गोळी ठेवून इतका गुपचूप चालायला लागला, की एक आजी खिडकीशी चहा पीत असताना तो एकदम समोर उगवला. इतक्या मोठ्या माणसाचा इतका लहान आवाज आजींनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी कपातला चहा थेट त्याच्या तोंडावर फेकला.

"चुकलं माझंच," वहिनी म्हणाल्या. "गप्प राहा असं नव्हतं म्हणायचं. दिसा, मग बोला."

मग नवी पद्धत. बाजूला भरपूर जागा सोडून पुढे जायचं, समोरून, जरा लांबून, नजरेत यायचं, उभं राहायचं, आणि मग काय ते बोलायचं. झालं. कॉरिडॉरमध्ये ओव्हरटेकची शर्यत सुरू झाली. एक आजोबा निवांत चाललेत, आणि डावीकडून नर्स, उजवीकडून स्वयंपाकी, दोघेही त्यांच्या पुढे पोचून 'चहा घेणार का' हे विचारायला जिवाच्या आकांताने धावताहेत. आजोबा म्हणाले, "काय आग लागलीय का? मला सांगा, मीही येतो."

पण आठवडा उलटायच्या आत सगळं अंगवळणी पडलं आणि पडणं कमी झालं. कमी झालं, थांबलं नाही. वहिनी पहिल्यापासून सांगत होत्या, म्हातारी माणसं चालणार असतील तर कधीतरी पडणार. मग पडल्यावर काय, हेही शिकायला हवं. त्यासाठी रोज सकाळी नाश्त्यानंतर हॉलमधली टेबलं भिंतीला लावून 'जमिनीचा तास' सुरू झाला. डॉक्टरांनी ज्यांना ज्यांना चालेल म्हटलं ते सगळे यायचे. नमुना म्हणून वहिनींनी दादांना आणलं. दादांनी जमिनीवर अंग टाकलं आणि नमुन्याला न शोभेल इतक्या लवकर त्यांना झोप लागली.

"आम्हाला पडायला शिकवू नका," हेडबाईंनी पहिल्याच तासाला ठणकावलं. "ते आम्हाला येतं."

"पडायला नाही, उठायला शिकवतेय."

"त्यासाठी आधी पडावं लागेल."

"पडायचं नाही. उतरायचं."

स्टाफलाही उतरवलं. कुणी पडलं की धावायचं नाही, ओढायचं नाही. आधी त्याच्याशेजारी खाली बसायचं. बोलायचं. कुठे लागलंय, डोकं आपटलंय का, पाय हलवता येतो का. काही दुखत असेल तर तसंच पडू द्यायचं, पांघरूण घालायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. काही नसेल तर एक साधी, बिनचाकाची खुर्ची जवळ आणून ठेवायची आणि उठायचं काम ज्याचं त्याला करू द्यायचं. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, रांगत खुर्चीपाशी जायचं, हात तिच्यावर टेकायचे, एक पाय पुढे रोवायचा, आणि वर.

मेट्रनबाई उताणं पडून छताकडे बघत म्हणाल्या, "हे जळमट कुणाला दिसलंच नाही इतके दिवस." तिथूनच त्यांनी झाडूवाल्याला हाक मारली. मागून नव्हे, खालून.

शोरूम खाली उतरण्यात सगळ्यांत तरबेज निघाले. गिऱ्हाइकापुढे एक गुडघा टेकायची सवय इतक्या वर्षांनीही गेली नव्हती. कुशीवर वळत, कोपरावर येत, आणि तिथे गाडी अडायची. ते रांगायला तयार होईनात.

"का?" वहिनींनी विचारलं.

"चारचौघांत? इस्त्रीच्या पॅंटमध्ये?"

"पॅंट बदला."

"प्रश्न पॅंटचा नाही, बाई. माणूस एकदा रांगला की लोकांच्या नजरेत तो म्हातारा होतो."

शेजारच्या चटईवरून रांगत चाललेल्या हेडबाई थांबल्या. "आणि तुम्ही काय जन्मतःच बूट घालून चालत बाहेर आलात?"

सगळे हसले. शोरूमही हसले. पण रांगले नाहीत. दोन अटेंडंटांनी हात दिल्यावरच उठायचे. वहिनींना लेकीपुढे एकच गोष्ट दाखवायची होती: पडले तरी हा माणूस आपला आपण उठतो. आणि तेवढंच नेमकं होत नव्हतं. शुक्रवारचा तास संपला तरी शोरूम कोपरावरच होते. पट्ट्याच्या खुर्चीवरचं प्लास्टिक, उगीच वेळ जायला नको म्हणून, मेट्रनबाईंनी जड मनाने काढून ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी येणारी लेक सकाळीच आली. ऑफिसला दांडी मारून आली. रात्रभर झोप लागली नाही म्हणाली. गेटवर कुणी अडवलं नाही, कारण गेटवरचा माणूसही तासाला होता. कॉरिडॉर रिकामा. खोल्या रिकाम्या. मग तिने जेवणाच्या हॉलचं दार उघडलं.

आतलं दृश्य तिच्या धंद्यातल्या माणसाने बघू नये असं होतं. टेबलं भिंतीला. सगळी जमीन म्हाताऱ्या माणसांनी भरलेली. कुणी कुशीवर, कुणी उताणं, कुणी रांगतंय. त्यांच्यात मेट्रनबाईही आडव्या. आणि मधोमध एक अनोळखी गृहस्थ तोंड उघडं टाकून निपचित पडलेले. ते दादा. घोरत नसते तर ती तिथेच कोसळली असती.

खिडकीजवळच्या चटईवर, कोपरावर टेकून, तिचे बाबा होते. दाराकडे पाठ.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. त्याच क्षणी भोंगा हात पसरून तिच्यासमोर आला, तोंडावर बोट ठेवलं, आणि दोन्ही गालांतल्या गोळ्या सांभाळत इतकं हळू कुजबुजला, की पुढे कुणाला सांगितलं तरी खरं वाटलं नाही, "मागून नको, ताई. वळतात ते."

ती त्याला ओलांडून बाबांच्या समोर गेली. पर्स फेकली, उंच टाचांच्या बुटांतच गुडघे टेकले, आणि बाबांच्या दोन्ही काखांत हात घालून ओढायला लागली.

"अगं, मी पडलो नाहीये."

"बोलू नका तुम्ही. धरा मला."

"मी बसलोय. म्हणजे पडलोय, पण मुद्दाम."

"बाबा, डोक्याला लागलंय का?"

ओढाओढीत तीच मागे कलली आणि चटईवर बसली. मग उठायला गेली. उठता येईना. पुन्हा जोर केला. गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला आणि पाय तसाच राहिला. लेकबाई पन्नाशीच्या. रोज खुर्चीतून गाडीत, गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून सोफ्यावर. जमिनीवर शेवटचं कधी बसल्या हे त्यांनाही आठवेना.

चारी बाजूंनी स्टाफ झेपावला. वहिनींनी हात वर केला. नुसता हात. सगळे जागच्या जागी खाली बसले.

"कुठे दुखतंय?" शोरूमनी विचारलं.

"कुठे नाही. अडकलाय. मला लाज वाटतेय बाबा, सगळे बघताहेत."

शोरूमनी सवयीप्रमाणे आधी तिच्या पायांकडे बघितलं. "साडेपाच नंबरच्या पायाला पाच नंबरचा बूट. कुणी विकला तुला? त्याला नोकरीवर ठेवलं कुणी?" असं म्हणत त्यांनी तिचे बूट काढले, बाजूला एकाशेजारी एक नीट लावून ठेवले. "आता कुशीवर हो. घाई नको. कोपर टेक. हं. आता रांगायचं, त्या खुर्चीपर्यंत."

"मी नाही रांगणार. इथे? सगळ्यांसमोर?"

हेडबाईंच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, पण त्यांनी शेजारणीच्या हातातली गोळी घेऊन स्वतःच्या तोंडात टाकली.

शोरूमनी लेकीकडे बघितलं. मग पॅंटच्या घडीकडे बघितलं. मग एक हात पुढे टाकला, एक गुडघा पुढे टाकला, आणि म्हणाले, "हे बघ. असं. चल माझ्याबरोबर."

आणि रांगले. पुढे बाप, मागे लेक, इस्त्रीची पॅंट आणि ऑफिसचा कोट, दोघं चटईवरून खुर्चीकडे. शोरूमनी दोन्ही हात खुर्चीवर टेकले, उजवा पाय रोवला, दम घेतला, आणि हळूहळू, जरा कापत, पण कुणाचाही हात न घेता उभे राहिले. मग भिंतीचा दांडा धरून तिला सांगू लागले. लेक दोनदा चुकली, तिसऱ्यांदा उठली. उठली आणि बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून आधी रडली, मग दादांच्या घोरण्याकडे लक्ष गेल्यावर हसत सुटली. हॉल टाळ्यांनी दणाणला. त्या आवाजाने दादा जागे झाले आणि म्हणाले, "झालं? उठू?"

हसून झाल्यावर ती पुन्हा विमा कंपनीतली झाली. बाबांना खिडकीशी नेलं. जवळच उभ्या असलेल्या वहिनींना सगळं ऐकू येत होतं, आणि दूर जायची त्यांची काडीमात्र इच्छा नव्हती.

"आज उठलात. पण परत पडलात तर?"

"पडेन. नाही पडणार असं लिहून देत नाही."

"हाड मोडलं तर?"

"मोडलं तर पडून राहीन. ही मंडळी येऊन शेजारी बसतील, डॉक्टर येतील. ओढणार नाही कुणी. आणि हा," त्यांनी भोंग्याकडे बोट दाखवलं, "ओरडणार नाही."

"आणि मी तिकडे काय करू? फोनकडे बघत बसू?"

शोरूमनी तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "यापुढे पडलो तर फोन मी करेन. मेट्रनबाई नाही. मी स्वतः. माझा आवाज ऐकलास म्हणजे तुला कळेल."

लेकीने खूप विचार केला. खुर्ची परत पाठवायची का, यावर ती 'हो'ही म्हणाली नाही आणि 'नाही'ही नाही. फक्त जाताना मेट्रनबाईंना म्हणाली, "तो पट्टा तेवढा काढून ठेवा. आणि खुर्ची दुसऱ्या कुणाला बागेत न्यायला लागली तर न्या." बूट हातात घेऊन, अनवाणी गाडीपर्यंत गेली.

वहिनींचं तिथलं काम संपत आलं होतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्या ऑफिसात मेट्रनबाईंचा निरोप घेत होत्या, तेव्हा भोंगा दारात आला. लांबून दिसला, थांबला, आणि मग बोलला, "शोरूम आजोबा पडले. कपाटापाशी. मी शेजारी बसलो होतो. लागलेलं नाही. उठून येताहेत."

पाठोपाठ शोरूम आले. केस विस्कटलेले, एका गुडघ्यावर धूळ. ती त्यांनी झटकली नव्हती, मुद्दाम ठेवली होती. त्यांनी फोन मागितला. मेट्रनबाईंनी लिमलेटची पिशवी उघडली आणि सगळ्यांनी एकेक गोळी घेतली.

"मी बोलतोय," शोरूम म्हणाले. "आज पडलो."

भोंग्याने डोळे मिटले.

मग फोनमधून लेकीचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू आला, कारण शोरूमचं कानातलं यंत्र उशीखाली होतं आणि म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"कसे उठलात?"

शोरूमनी खुर्चीला हात टेकला आणि सांगायला सुरुवात केली. कुशीवर कसे वळले, कोपर कुठे टेकलं, पलंगाचा काठ सोयीचा का पडला नाही, मग स्टुलापर्यंत कसे गेले. काही म्हणजे काही गाळलं नाही. मेट्रनबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं, त्यांनी पाठ फिरवली.

"पाय कुठला रोवलात आधी?" लेकीने विचारलं.

"उजवा."

"माझा डावाच जातो. मी रोज करते ना सकाळी. नवरा हसतो मला."

"हसू दे त्याला," शोरूम म्हणाले. "त्याचा नंबर किती? आठ ना? घेऊन ये रविवारी. त्यालाही खाली बसवतो."